'स्पॅनिशसाठी दोन दाबा', आणि पुढे कोणीच नाही

शेवंती

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीतल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये ऑफिस मॅनेजर आहे. राहते एडिसनला. इथल्यांना ठाऊकच आहे, एडिसनच्या एका अंगाला न्यू ब्रन्सविक, दुसऱ्या अंगाला पर्थ अँबॉय. आमचे निम्म्याहून जास्त पेशंट स्पॅनिश बोलणारे. पर्थ अँबॉयकडचे बरेचसे डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन, न्यू ब्रन्सविककडचे मेक्सिकोतल्या ओआहाका भागातले. आणि आमच्याकडे? दोन डॉक्टर, एक नर्स, दोन मेडिकल असिस्टंट, समोर काउंटरवर दोघी. एवढ्यांत नीट स्पॅनिश येणारी एकच, त्या दोन मेडिकल असिस्टंटपैकी एक. बाकी सगळा भार व्हिडिओ दुभाष्यावर. चाकांच्या स्टँडवर लावलेला एक टॅब्लेट आहे, तो या खोलीतून त्या खोलीत फिरवत असतो.

दीड महिन्यापूर्वी एक बाई आल्या. छातीत गाठ. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी, शाळेचं दप्तर पाठीवर तसंच. आमची स्पॅनिशवाली रजेवर, आणि टॅब्लेटवर नुसतं गोल गोल फिरतंय, जोडणी होत नाही. डॉक्टरांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि मुलीलाच सांगितलं, "आईला सांग, या गाठीचा तुकडा काढून तपासायला लागेल." मी दारातच उभी होते. मुलीनं ऐकलं, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि आईकडे न बघता दोनतीन शब्द बोलली. आई हसून मान डोलवून "ओके, ओके" म्हणाली. ज्या बाईला आत्ता बायॉप्सीचं सांगितलंय ती अशी हसत नाही. दोन दिवसांनी आमच्या मेडिकल असिस्टंटनं फोन केला तेव्हा कळलं. मुलीनं सांगितलं होतं, "परत यायचंय म्हणे."

आणखी एक गोष्ट त्याच फोनवर कळली. बाईंनी आमच्याकडे त्याआधी तीनदा फोन केला होता. आमच्या फोनवर 'स्पॅनिशसाठी दोन दाबा' असं छान स्पॅनिशमध्ये सांगतात. दोन दाबलं की फोन वाजत राहतो आणि मग व्हॉइसमेल लागतो, इंग्रजीतला. तिन्ही वेळा बाईंनी फोन ठेवून दिला. त्यात सात आठवडे गेले. मी चार वर्षं इथे आहे आणि मी कधी दोन दाबून पाहिलं नव्हतं.

तर प्रश्न. पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये एक जागा भरता येईल, किंवा त्याच पैशांत व्हिडिओ दुभाष्याचा चांगला करार आणि आणखी दोन टॅब्लेट. माणूस घ्यायचा तर कुठे? नर्स, मेडिकल असिस्टंट की फोन-काउंटरवर? तीन आठवड्यांनी मीटिंग आहे. इथे डॉक्टर, फार्मसिस्ट, नर्स बरेच आहेत म्हणून विचारतेय.

गवतीचहा

मी फ्रेस्नोला फॅमिली डॉक्टर आहे. माझे पेशंट द्राक्षं-बदामाच्या मळ्यांत राबणारे, दहातले सात स्पॅनिशवाले. बजेटवर सावकाश लिहितो. आधी एक. मुलांना दुभाषी म्हणून उभं करायला थेट मनाई आहे, ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खालच्या २०१६ च्या नियमांपासून. जिवावर बेतलंय आणि दुसरं कोणीच नाही, एवढाच अपवाद. टॅब्लेट लागत नव्हता ही आणीबाणी नव्हे. फोनवरून दुभाषी मिळाला असता. तुमच्या डॉक्टरांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

टिचभर

त्या पोरीचं काय झालं असेल मनात. सात आठवडे... बाईंची बायॉप्सी झाली का?

शेवंती

झाली. रिपोर्टबद्दल इथे लिहिणं बरं नाही, पण त्या उपचार घेतायत.

जुना_पाटा

माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी मांडतो. मी १९८१ साली या देशात आलो. कुणी माझ्यासाठी मराठीत पाट्या लावल्या नाहीत. ज्या देशात पोट भरायचं तिथली भाषा शिकावी, ही साधी गोष्ट आहे. एका भाषेसाठी माणसं नेमत गेलो तर उद्या दहा भाषांसाठी नेमावी लागतील. खर्च शेवटी सगळ्यांच्याच विम्यातून जातो. आता तर मार्च २०२५ मध्ये इंग्रजी अधिकृत भाषा झाल्याचा आदेशही निघाला. दवाखान्यावर सक्ती कशासाठी?

टिचभर

काका, तुम्ही इंग्रजीतून इंजिनियर होऊन विमानात बसलात. ती बाई तिसरी-चौथीत शाळा सोडून आली असेल, आणि दिवसाला दोन कामं करत असेल. इंग्रजीचा क्लास कोणत्या वेळेत लावायचा? आणि समजा लावला. गाठ थांबते का तोवर?

गवतीचहा

@जुना_पाटा, आदेशाबद्दल थोडं स्पष्ट करतो, कारण आमच्याकडेही हाच गोंधळ झाला होता. ऑगस्ट २००० मध्ये क्लिंटननी १३१६६ क्रमांकाचा आदेश काढला होता. इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या सेवा नीट मिळाव्यात, यासाठी. मार्च २०२५ च्या आदेशानं तो मागे घेतला. पण दवाखान्यावरची जबाबदारी मुळात त्या आदेशातून आलेलीच नाही. ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आणि कलम १५५७ मधून येते, आणि हे दोन्ही संसदेचे कायदे आहेत. मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) किंवा मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा) यांचे पैसे घेता, तर पेशंटला कळेल अशा भाषेत सेवा द्यायची, आणि दुभाष्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत.

खर्चाचं तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. मेडिकेअर दुभाष्याचे वेगळे पैसे देत नाही, मेडिकेडही मोजक्याच राज्यांत देतं. छोट्या क्लिनिकला ते खिशातून भरावे लागतात. म्हणून तर शेवंतीताईंचा प्रश्न खरा आहे.

सांजवात

ह्यूस्टनला फार्मसिस्ट आहे, बावीस वर्षं काउंटरवर. माझा अनुभव लिहिते.

एका दुकानात होते तेव्हाची गोष्ट. कॉम्प्युटर स्पॅनिश लेबल छापायचा, पण अर्धवट. वाक्य स्पॅनिश आणि मधला एखादा शब्द इंग्रजीच राहायचा. एक आजोबा रक्तदाबाची गोळी न्यायला आले. लेबलावर 'एक गोळी घ्या', पुढे इंग्रजी 'वन्स', पुढे परत स्पॅनिशमध्ये 'दिवसाला'. आता गंमत अशी, की इंग्रजीत जे 'वन्स' ते अक्षरं तीच ठेवून स्पॅनिशमध्ये वाचलं की होतं 'ओन्से'. ओन्से म्हणजे अकरा.

माझी सवय आहे, बाटली देताना विचारायचं, "कशी घ्याल सांगा बरं." आजोबांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले, मग एक बोट वर केलं. मला आधी कळेचना. मग लेबल बघितलं आणि पाय गारठले. ती गोळी दिवसाला अकरा घेतली असती तर आजोबा उठलेच नसते.

ब्रॉन्क्समधल्या फार्मसींच्या स्पॅनिश लेबलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या. त्यामुळे नुसतं 'आमच्याकडे स्पॅनिशची सोय आहे' यावर माझा विश्वास नाही. त्या काउंटरवर स्पॅनिश वाचणारा एक जरी माणूस असता तरी ते लेबल बाटलीवर चिकटलंच नसतं. कॅलिफोर्नियात २०१६ पासून पेशंटनं मागितलं तर स्पॅनिशसकट पाच भाषांत सूचना द्याव्या लागतात. आमच्या टेक्ससमध्ये तसा नियम असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

चकलीचा_सोऱ्या

बापरे, अकरा! आई सध्या माझ्याकडे आहे, तिची औषधं आत्ताच उठून तपासली.

एक भाबडा प्रश्न. आता फोनमध्ये भाषांतराची ॲप इतकी चांगली झालीत, तर माणूस नेमायचाच कशाला? मी मेक्सिकोत दहा दिवस त्यावर काढले. हॉटेल, टॅक्सी, जेवण, कुठे अडलं नाही.

निळावंती

सोऱ्या, टॅक्सीवाल्यानं चुकीच्या गल्लीत नेलं तर परत फिरता येतं. :)

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, इथे येऊन दवाखान्यातली दुभाषी झाले. नऊ वर्षं झाली. ॲपबद्दल त्याच कलम १५५७ खालच्या २०२४ च्या नियमांत सांगितलंय, की महत्त्वाचा मजकूर यंत्रानं भाषांतरित केला असेल तर तो जाणकार माणसानं तपासलाच पाहिजे. माझं स्वतःचंही तेच मत. 'पार्किंग कुठे आहे' याला ॲप चालेल. 'रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधी थांबवायची' याला नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. भाषा येणं आणि दुभाषीपण करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९८० सालची फ्लोरिडातली केस आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. अठरा वर्षांचा क्यूबन मुलगा बेशुद्धावस्थेत आणला. घरचे सांगत होते तो 'इन्तोक्सिकादो' आहे. त्यांच्या बोलीत याचा अर्थ काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. इस्पितळात तो शब्द 'इन्टॉक्सिकेटेड' असा घेतला गेला, म्हणजे नशा. अमली पदार्थांचा जादा डोस समजून उपचार सुरू झाले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे गेले. नंतरची तडजोड ७ कोटी डॉलरच्या वर गेली. दुभाषी बोलवायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण थोडंफार समजतंय असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. मला त्या गोष्टीत सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हेच. अजिबात कळत नसतं तर कुणीतरी धावपळ करून माणूस शोधला असता.

मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांच्या आणीबाणी विभागांतला एक अभ्यास २०१२ चा आहे. संवादातल्या चुका मोजल्या आणि त्यातल्या किती पेशंटला बाधू शकतील ते पाहिलं. शिकलेला दुभाषी असताना १२ टक्के. घरचा किंवा हाताला लागेल तो माणूस असताना २२ टक्के. कोणीच नसताना २० टक्के. म्हणजे हाताला लागेल तो माणूस आणि कोणीच नाही, यांत फरक जवळजवळ शून्य. आणि ज्या दुभाष्यांचं शंभर तासांहून जास्त प्रशिक्षण झालं होतं त्यांच्या बाबतीत २ टक्के.

शेवंतीताई, माणूस जरूर घ्या. पण 'घरी स्पॅनिश बोलते' एवढ्यावर घेऊ नका. तोंडी परीक्षा घ्या. बाहेरच्या संस्था फोनवरून घेतात. नियमांतही 'पात्र द्विभाषिक कर्मचारी' असाच शब्द आहे, नुसता द्विभाषिक नाही.

पळस

@निळावंती +१. पण परीक्षा पास झालेल्यांनाही गाव माहीत असावं लागतं. मी श्वसनचिकित्सक आहे, न्यूयॉर्कला. आमचे पेशंट डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन. एक बाई म्हणाल्या, 'मे दा फातीगा.' टॅब्लेटवरची दुभाषी दुसऱ्या कुठल्या देशातली होती, तिनं सांगितलं, "त्यांना थकवा येतो." शिकाऊ डॉक्टरनं लिहिलं, थकवा, रक्त तपासा. आमची पोर्तो रिकन नर्स सलाइनची बाटली बदलत होती. ती तिथूनच वळली. त्यांच्याकडे फातीगा म्हणजे धाप, दमा. छातीला स्टेथोस्कोप लावला तर आतून शिट्ट्या वाजत होत्या.

आता हे आपल्याला किती पटकन कळावं बघा. 'मी दमले' आणि 'मला दम लागतो'. शब्द तोच. पहिलीला खुर्ची द्यायची, दुसरीला ऑक्सिजन. मराठी न येणाऱ्याला हा फरक पुस्तकातून समजेल का?

टिचभर

हा 'दम' मी आता घरी सगळ्यांना सांगणार. फारच नेमकं.

सांजवात

पळस, असाच 'आओरिता'. मेक्सिकन माणसाचं आओरिता म्हणजे आत्ता, लगेच, फार तर थोड्या वेळात. पोर्तो रिकन माणसाचं आओरिता म्हणजे नंतर. 'गोळी आओरिता घेतो' म्हणाला की मी आधी विचारते, गाव कुठलं.

निळावंती

आणि 'ग्वाग्वा'! आमच्या ग्रुपमधली लाडकी गोष्ट. एक इक्वाडोरची आई फोनवर सांगतेय, माझ्या ग्वाग्वाला ताप आहे. फोनवरची मुलगी पोर्तो रिकन. तिच्याकडे ग्वाग्वा म्हणजे बस, इक्वाडोरच्या डोंगराळ भागात ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ. बसला ताप कसा येईल म्हणून दोघी मिनिटभर हुज्जत घालत होत्या, मग दोघीही खूप हसल्या. दोघींना स्पॅनिश येत होतं म्हणून तर हसून निभावलं. लगेच एकमेकींना विचारता आलं.

चकलीचा_सोऱ्या

हाहा! बसला ताप! माझं ॲपबद्दलचं म्हणणं मागे घेतो, पटलं.

मग आम्ही शिकलो तर? मेव्हणा रेसिडेन्सी करतोय, रोज ॲपवर स्पॅनिश गिरवतो. तीनशे दिवसांची साखळी झालीय त्याची.

गवतीचहा

शिकू दे, जरूर शिकू दे. मीही तसाच शिकलो. पण मेव्हण्याला दोन गोष्टी सांग.

वय विचारताना 'आन्योस' म्हणायचं असतं, त्यातला 'न्य' नीट आला पाहिजे. नुसतं 'आनोस' म्हटलं तर गुदद्वारं किती असा प्रश्न होतो. नवशिक्यांची ही हमखास चूक, पेशंट बिचारे सभ्यपणे वय सांगतात. दुसरं म्हणजे 'तू' आणि 'उस्तेद'. ॲपवर शिकलेली पोरं सत्तरीच्या आजीला सरसकट तू म्हणतात. त्यांना वाटतं फक्त व्याकरणाचा फरक आहे. आपल्या गावी एखादा कोवळा डॉक्टर आजोबांना "काय रे, तुला कुठे दुखतंय" म्हणाला तर आजोबा दुखणं सांगतील का?

मी सात वर्षं रोज बोलतोय, माझी परीक्षाही झालीय. सर्दी, मधुमेह, गुडघे, सगळं मी स्वतः बोलतो. कॅन्सर सांगायचा असेल, नाहीतर शस्त्रक्रियेची संमती घ्यायची असेल, तर आजही दुभाष्याला बोलावतो. माझी भाषा कुठे संपते ते मला माहीत असलं पाहिजे.

आणखी एक. मुलाचं पोट बिघडलं की मेक्सिकोकडच्या आज्या 'एम्पाचो' म्हणतात, पोटाला काही चिकटलंय असं. त्यावर काही घरांत एक पिवळी नाहीतर नारिंगी पूड देतात, ग्रेता किंवा आसार्कोन. ती पूड म्हणजे शिशाचं ऑक्साइड, मुलांच्या मेंदूला घातक. हे डॉक्टरला कोणी आपणहून सांगत नाही. आमची मेडिकल असिस्टंट वजन करता करता सहज विचारते, "आजीनं काय दिलं?" आणि ती आई सांगते. ती हसणार नाही, हे त्या आईला माहीत असतं. तान्ह्या बाळाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली हे आपण तरी गोऱ्या डॉक्टरला सांगतो का? स्पॅनिशमध्येही दृष्टच म्हणतात, 'माल दे ओहो'.

आडवाट

मी सहसा वाचनमात्र असतो, पण शेवंतीताईंनी ओआहाका लिहिलं म्हणून थांबलो.

ओआहाकातून येणारे सगळे स्पॅनिशवाले नसतात. तिथे मिश्तेको, सापोतेको अशा कितीतरी भाषा आहेत, आणि त्या स्पॅनिशच्या बोली नव्हेत, मुळात वेगळ्या घराण्याच्या आहेत. ग्वातेमालाकडून येणाऱ्यांच्या माम, किचे. फॉर्मवर 'स्पॅनिश' अशी खूण होते कारण फॉर्मवर तेवढंच असतं. तो माणूस 'सी, सी' म्हणत राहतो. आपण समजतो कळलं.

मी काही वर्षं गडचिरोलीत आरोग्याच्या कामात होतो. तिथे आम्ही मराठी बोलणारे असेच वागायचो. माडिया बाई मान हलवायची, आम्ही 'समजावून सांगितले' म्हणून रजिस्टरमध्ये लिहायचो. हेमलकशाला १९७३ पासून जे काम उभं राहिलं त्यात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली. लोक दवाखान्यात यायला लागले त्यात औषधांइतकाच त्या बोलीचा वाटा आहे, असं मला तिथे राहून वाटलं.

तेव्हा ताई, एक प्रश्न वाढवा. 'स्पॅनिश बोलता का' च्या जागी 'घरी कोणती भाषा बोलता' असं विचारा.

शेवंती

आडवाट, तुमची पोस्ट वाचून आज आमच्या स्पॅनिशवालीला विचारलं. ती म्हणाली, "हो, आहेत ना, पाच-सहा कुटुंबं तरी. मलाही त्यांचं पुरतं कळत नाही." चार वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. फॉर्म बदलतेय.

जुना_पाटा

दोन दिवस हा धागा वाचतोय. मला एक लिहायचं आहे, जे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

१९९६ साली माझी आई इथे आमच्याकडे होती. तिला फक्त मराठी यायचं. पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. डॉक्टर बोलायचे आणि मी मराठीत सांगायचो. दुभाषी हवा का असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, मुलगा असताना दुभाषी कशाला?

मी तिला कॅन्सर हा शब्द सांगितलाच नाही. 'आतड्याला सूज आहे' म्हणालो. डॉक्टर विचारायचे, त्यांना समजलं का, काही प्रश्न आहेत का? मी आईला विचारायचो, "चहा घेणार का?" ती नाही म्हणायची. मी डॉक्टरांना सांगायचो, प्रश्न नाहीत. असं चार महिने चाललं. तिला भारतात जायचं होतं, भावाला भेटायचं होतं. 'बरी झालीस की जाऊ' म्हणत राहिलो. ती इथेच गेली.

त्या पोरीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला, हे शेवंतीनं लिहिलंय ना, ते वाचून मला माझी खुर्ची आठवली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो आणि मला ते झेपलं नाही. इंग्रजी शिकावं हे माझं मत आजही आहे. पण दवाखान्यात घरच्या माणसाकडून हे काम करून घेऊ नये. करून घेऊच नये.

निळावंती

काका, लिहिलंत ते बरं केलंत. तुम्ही आईचा मुलगा म्हणून बसला होतात, दुसरं काम तुमच्यावर टाकायलाच नको होतं. दुभाषी असता तर तुम्हाला तिचा हात धरून बसता आलं असतं.

आम्हाला शिकवतात की पेशंटच्या बाजूला, किंचित मागे बसायचं, पेशंटचं बोलणं त्याच्याच तोंडून आल्यासारखं 'मी' म्हणूनच सांगायचं, आणि काहीही गाळायचं नाही. डॉक्टर पेशंटकडे बघतो, आमच्याकडे नाही.

आणि आता इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. आपले आई-बाबा इथे येतात, आजारी पडतात. तुम्ही कितीही शिकलेले असलात तरी दुभाषी मागा. मराठी म्हणून मागा. बरेचदा 'हिंदी चालेल ना' म्हणून विचारतात. चालत नसेल तर नाही म्हणा. फोनवरून मराठी मिळतो, थोडा वेळ लागतो. पैसे पडत नाहीत.

सांजवात

काका, _/\_

पळस

मूळ प्रश्नाकडे येते, शेवंतीची मीटिंग जवळ आलीय.

माणूस घे, फोनवर घे. पण जी मेडिकल असिस्टंट आत्ता आहे तिचा विचार आधी कर. आमच्याकडे अशीच एक होती. प्रत्येक खोलीतून हाक यायची, "दोन मिनिटं येतेस का?" दोनाची वीस मिनिटं व्हायची. तिच्या स्वतःच्या पेशंटचं रक्त काढायचं राहायचं, मग उशिराबद्दल बोलणी तिलाच. दुभाषीपणाचा एक पैसा जास्त नाही. दीड वर्षात सोडून गेली, आणि तिच्याबरोबर तिच्यावर विश्वास असलेले कितीतरी पेशंट गेले. भाषा हे कौशल्य आहे तर पगाराच्या चिठ्ठीवर त्याची वेगळी ओळ दिसली पाहिजे. बऱ्याच इस्पितळांत असा भत्ता देतात.

गवतीचहा

अनुमोदन. माझं मतही फोन-काउंटर. डॉक्टरच्या खोलीत व्हिडिओ दुभाषी आणता येतो, पण तिथवर पोचायलाच सात आठवडे गेले. तारीख घेणं, विम्याचे कागद, 'उपाशीपोटी या', रिपोर्टचा निरोप, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणं, हे सगळं फोनवर होतं आणि तिथे टॅब्लेट नसतो. नर्सची जागा महाग, आणि ती खोलीच्या आतच राहणार. दुसरी गोष्ट, पेशंटच्या फाइलवर भाषा उघड्यावर दिसू द्या, म्हणजे तारीख देतानाच दुभाषी ठरवता येतो. आयत्या वेळी टॅब्लेट शोधावा लागत नाही.

चकलीचा_सोऱ्या

मी आमच्या डॉक्टरांच्या ऑफिसला आत्ता फोन करून दोन दाबलं. सात मिनिटं संगीत ऐकलं, मग फोन कट. प्रत्येकानं आपापल्या दवाखान्यात एकदा दाबून बघा.

शेवंती

काल मीटिंग झाली, सांगायला आले.

आकडे नेले नव्हते, फोन नेला. स्पीकरवर ठेवला, आमचाच नंबर लावला आणि दोन दाबलं. सगळ्यांनी तो इंग्रजी व्हॉइसमेल ऐकला. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितला, तोही ऐकला. मग मुलीची गोष्ट सांगितली. ज्या डॉक्टरांनी तिला सांगायला लावलं होतं त्या समोरच होत्या. त्या म्हणाल्या, "ती मीच. लिहून घ्या, पुन्हा होणार नाही." मला त्यांचा फार आदर वाटला.

ठरलं ते असं. फोन-काउंटरवर पूर्ण वेळ एक जण, तोंडी परीक्षा घेऊन. आमच्या मेडिकल असिस्टंटचीही परीक्षा, आणि पास झाली की भत्ता, मागच्या वर्षाचा मिळणार नाही पण पुढचा मिळेल. ती दुभाषी म्हणून खोलीत असेल तेवढा वेळ तिच्या नावावर पेशंट लावायचे नाहीत. टॅब्लेट एकच वाढला, दोन नाही. फोनवरच्या दुभाष्याचा नंबर प्रत्येक खोलीत भिंतीवर चिकटवला, तो मी कालच चिकटवला. आणि फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता'.

माणूस मिळेपर्यंत दोन दाबल्यावर जो व्हॉइसमेल लागतो तो आमच्या मेडिकल असिस्टंटनं स्पॅनिशमध्ये बोलून ठेवला. काल संध्याकाळी बोलली. आज सकाळी आठला आले तर अकरा निरोप होते.

सांजवात

ओन्से!

शेवंती

हो, ओन्से. :) दहांना दुपारपर्यंत उलटे फोन झाले. अकरावा निरोप तिलाही कळला नाही, म्हणाली ही स्पॅनिश नाही, बहुतेक मिश्तेको असावी. नंबर आहे. @आडवाट, @निळावंती, फोनवरून मिश्तेको दुभाषी मिळतो का, आणि आधी वेळ ठरवावी लागते का?

निळावंती

मिळतो, पण आधी ठरवलेला बरा. त्यातही गावागावात भाषा बदलते, म्हणून नुसतं मिश्तेको सांगू नकोस, त्यांचं गाव कोणतं ते विचारून घे. तो निरोप पुसू नकोस, दुभाष्याला ऐकवता येईल. मी संध्याकाळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.